हिसोबपट्टीतला लाल आकडा: डिझायनर अन् डेव्हलपर एकाच कोडवर कसे आले

लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानासाठी बनवलेल्या ॲपचं हे प्रकरण आहे. दुकानाचं आणि माणसांचं नाव देत नाही, त्याची गरजही नाही. ॲपचं काम सांगायला सोपं आहे. शेतकरी सोयाबीन नाहीतर तूर घेऊन येतो, माल उतरतो, सौदा होतो, काट्यावर वजन होतं, मग मुनीम कट्टे, वजन, भाव, हवा (मालातला ओलावा) असं सगळं टाकतो अन् हमाली-तोलाई वजा होऊन हिसोबपट्टी तयार होते, ती शेतकऱ्याच्या व्हॉट्सॲपवर जाते. रिॲक्टमधे, म्हणजे वेबच्या स्क्रीन बनवायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत, लिहिलेलं वेब ॲप, मुनीमच्या स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर चालणारं. डिझायनर लातूरचीच, आधी प्रिंटिंग प्रेसमधे लग्नपत्रिका अन् फ्लेक्स करायची, नंतर फिग्मा, म्हणजे स्क्रीनची डिझाइन काढायचं टूल, शिकली. दोघं डेव्हलपर छत्रपती संभाजीनगरला, आणि फ्रंटएंडच्या, म्हणजे ॲपच्या दिसणाऱ्या बाजूच्या, एकूण रचनेचं काम माझ्याकडं.

हे सविस्तर लिहायचं कारण असं की आपल्याकडं छोट्या टीम लई आहेत, चार-पाच माणसांच्या, अन् त्यांना मोठ्या कंपन्यांच्या डिझाइन सिस्टिमचे (रंग, बटनं, अक्षरं यांच्या सामाईक नियमांचे) लेख वाचून वाटतं की हे आपल्यासाठी नाही, त्याला वेगळी माणसं लागतात, बजेट लागतं. तसं नाहीये. यातलं बरंचसं काम फक्त एक प्रश्न नीट विचारण्यावर अवलंबून आहे, तो पुढं येईलच.

लाल आकडा

दसऱ्यानंतर यार्डात सोयाबीनची आवक वाढते, त्या गर्दीत मुनीमकाकांनी डिझायनरला फोन केला. "ताई, कपातीचे आकडे लाल दिसायलेत. शेतकरी पट्टी बघतो अन् विचारतो, माझ्याकडंच बाकी निघायली का? दर माणसाला समजून सांगावं लागायलंय."

तक्रार एकदम रास्त होती. हमाली, तोलाई ह्या नेहमीच्या कपाती आहेत, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. लाल रंग शोभतो तो आधी घेतलेली उचल फिटायची राहिली असेल तिथं. डिझायनरनं त्याच संध्याकाळी फिग्मामधे बदल केला, कपाती साध्या गडद राखाडी, फक्त उचलबाकी लाल, अन् लिंक ग्रुपवर टाकली. डेव्हलपरचं उत्तर आलं की आत्ता सीझनमधे नको, दिवाळीनंतर बघू.

तिला ते पटलं नाही, अन् तिच्या जागी कोणालाही पटलं नसतं. एक रंग तर बदलायचाय! पण डेव्हलपर कामचुकार नव्हता, तो खरंच घाबरत होता, आणि कोड उघडून बघितल्यावर त्याची भीती मला शंभर टक्के पटली.

पट्टीचा हिशोब करणारं एक फंक्शन, म्हणजे कोडचा एक तुकडा, होतं. त्यातून प्रत्येक ओळ पूर्ण तयार होऊन बाहेर पडायची, म्हणजे आकडा, रुपयाचं चिन्ह, वजाचं चिन्ह अन् रंग, सगळं एकत्र बांधून. रक्कम शून्याच्या खाली असली की लाल, एवढाच नियम. आता उचल पण वजा अन् हमाली पण वजा, त्यामुळं फंक्शनच्या लेखी दोन्हीत काही फरकच नव्हता, डिझायनरला जो फरक दाखवायचा होता तो कोडला माहितीच नव्हता. आणि खरी अडचण पुढं होती: खाली दुसऱ्या एका ठिकाणी एकूण कपात काढताना कोड असं बघायचा की ओळ लाल आहे का, लाल असली तर ती बेरजेत धर. म्हणजे रंग बदलला असता तर बेरीज बदलली असती. सीझनच्या ऐन गर्दीत शेतकऱ्याच्या हातात चुकीची पट्टी गेली असती.

असा कोड कोणी मुद्दाम लिहीत नाही. आधी एकच स्क्रीन असते, एकच माणूस लिहीत असतो, लाल म्हणजे वजा हे त्याच्या डोक्यात पक्कं असतं अन् ते तेव्हा खरंही असतं. मग व्हॉट्सॲपचा मेसेज जोडला जातो, मग उचल येते, मग दुसरा डेव्हलपर येतो, अन् दिसण्यासाठी ठेवलेली गोष्ट हळूहळू अर्थ सांगायला लागते. बऱ्याच टीममधे डिझायनर म्हणतात की डेव्हलपर ऐकत नाहीत अन् डेव्हलपर म्हणतात की डिझायनरला कोडचं काही कळत नाही, पण दोघांच्या मधे खरं अडून बसलेलं असतं ते हे असलं एखादं फंक्शन.

कोण ठरवतं?

तुरीची आवक सरल्यावर उन्हाळ्यात यार्ड जरा मोकळं असतं, तेव्हा सगळे लातूरला एका खोलीत बसलो. मुनीमकाकांनाही बोलावलं. हिसोबपट्टीच्या स्क्रीनचा मोठा प्रिंट काढला अन् त्यावरच्या प्रत्येक गोष्टीला बोट लावून एकच प्रश्न विचारत गेलो, हे कोण ठरवतं?

हमालीची रक्कम कशी निघते ते दुकान ठरवतं, डेव्हलपर फक्त उतरवतो. ओळींचा क्रम मुनीमकाका ठरवतात, कारण शेतकरी आधी वजन बघतो, मग भाव, मग हातात काय पडणार ते. रंग, अंतर, अक्षराचा आकार डिझायनर ठरवते. लेबलचे शब्द मुनीमकाका अन् डिझायनर मिळून. नेट गेलं तर काय दाखवायचं? इथं सगळे गप्प झाले. ते आजवर कोणीच ठरवलं नव्हतं, डेव्हलपरनं रात्री कधीतरी जे सुचलं ते टाकलं होतं.

मग तोच प्रिंट घेऊन कोडकडं वळलो अन् प्रत्येक निर्णय कोडमधे कुठं राहतो ते शोधलं. रंग कितीतरी फाइलमधे विखुरलेले, तेच हिरवं थोड्या थोड्या फरकानं वेगवेगळ्या छटांत. लेबल थेट स्क्रीनच्या कोडमधे. ओळींचा क्रम हिशोबाच्या फंक्शनमधे. ज्याचा निर्णय त्याच्या हाताला लागेल अशी एकही जागा नव्हती, प्रत्येक गोष्ट डेव्हलपरच्या हातूनच जायची. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची मेख इथं आहे: एक निर्णय कोडमधे एकाच ठिकाणी असला पाहिजे, आणि ज्याचा तो निर्णय आहे त्या माणसाला ते ठिकाण सापडलं पाहिजे, बदलता आलं पाहिजे, बदलल्यावर काय होतं ते लगेच दिसलं पाहिजे. यातलं एक जरी नसलं तरी उरलेल्यांचा उपयोग नाही.

दिसणं अन् हिशोब वेगळा ठेवा हे काही नवीन नाही. १९७९ साली झेरॉक्स पार्क ह्या संशोधन केंद्रात ट्रिग्वे रीन्स्काउग यांनी मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर, म्हणजे डेटा, दिसणं अन् वापरणाऱ्याच्या कृती वेगळ्या ठेवायची रचना, मांडलं ते ह्याच कारणानं. १९९६ मधे सीएसएसची, म्हणजे वेब पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेची, पहिली आवृत्ती आली, मजकूर वेगळा अन् रूप वेगळं. २००६ मधे मायक्रोसॉफ्टनं विंडोज ॲपच्या स्क्रीन बनवायला डब्ल्यूपीएफ आणलं तेव्हा तर झॅमल नावाची भाषा अन् पाठोपाठ २००७ मधे ब्लेंड नावाचं टूल दिलं, विचार असा की डिझायनर ब्लेंडमधे स्क्रीन घडवेल, डेव्हलपर मागचा कोड लिहील अन् दोघं एकाच प्रोजेक्टवर राहतील. ब्लेंडमधे पुढं नमुन्याचा डेटा भरून स्क्रीन बघायची पण सोय आली, ही मला त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते. मग २०१३ मधे रिॲक्ट आलं अन् त्यानं मार्कअप, म्हणजे पानाची मांडणी, परत जावास्क्रिप्टमधे आणलं, तेव्हा लई लोक भडकले होते की एवढ्या वर्षांची शिस्त मोडली. पण फाइलचा प्रकार वेगळा असला म्हणजे काम वेगळं झालं असं नसतं. आमच्याकडं सीएसएसची वेगळी फाइल होतीच की, तरी लाल रंग बेरजेत घुसलेला होता.

दोन रस्ते आम्ही लवकरच सोडून दिले. एक म्हणजे फिग्मामधून थेट कोड काढायचा. काढून बघितला, चित्राला चित्र जुळतं, पण त्यात सगळं आकड्यांनी ठोकून बसवलेलं, अन् स्क्रीनची एकच अवस्था, जी चित्रात होती तेवढीच. डेटा जरा लांब आला की फुटलं. दुसरा म्हणजे डिझायनरनं रिॲक्ट शिकून सगळा कोड स्वतः लिहायचा. ती शिकू शकली असती, त्याबद्दल मला शंका नाही, पण तिचा वेळ मुनीमच्या काउंटरला उभं राहून लोक कसं वापरतात ते बघण्यात जावा हे जास्त मोलाचं होतं.

हिशोबानं रंग सांगायचा नाही

पहिलं काम हिशोबाच्या फंक्शनला साफ करणं. काट्यावरचा मापाडी वजन सांगतो, भाव सांगत नाही, तसं ह्या फंक्शननं फक्त आपलं सांगायचं. आता ते ओळींची यादी देतं, प्रत्येक ओळीत नाव, रक्कम अन् प्रकार. प्रकार म्हणजे जमा, नेहमीची कपात, उचलबाकी, एकूण. रंगाचा, चिन्हाचा, स्वल्पविरामाचा त्यात पत्ता नाही. एकूण कपात काढायची तर प्रकार बघून काढायची.

हे करताना डेव्हलपरनं एक चांगली गोष्ट केली, आधी जुन्या फंक्शनमधून यार्डातल्या खऱ्या पट्ट्यांचे निकाल काढून ठेवले अन् नवीन फंक्शनचे आकडे त्यांच्याशी पैशापर्यंत जुळतात का ते टेस्टमधे टाकलं. त्याशिवाय मी ह्या बदलाला हो म्हटलं नसतं. दिसण्याची रचना सुधारायला निघालो अन् शेतकऱ्याच्या पैशात गडबड झाली तर त्या सुधारणेला काही अर्थ नाही.

मग स्क्रीनचे दोन तुकडे केले. एक तुकडा सर्व्हरकडून डेटा आणतो, फोनमधे साठवतो, नेट आलं की सिंक करतो. दुसरा तुकडा फक्त दाखवतो, त्याला बाहेरून जे दिलं तेवढंच माहिती. रिॲक्टच्या जगातले डॅन अब्रामोव्ह यांनी २०१५ मधे अशी विभागणी लोकप्रिय केली होती अन् २०१९ मधे त्यांनीच त्यावर लिहिलं की हुक्स (रिॲक्टमधली नंतर आलेली सोय) आल्यानंतर अशी सक्तीनं तोडफोड करायची गरज नाही, त्यामुळं टीममधे प्रश्न आलाच की जुनी पद्धत कशाला. माझं उत्तर असं होतं की आपण कोड सुंदर दिसावा म्हणून तोडत नाही, दाखवणारा तुकडा सर्व्हरशिवाय, लॉगिनशिवाय, एकटा उघडता यावा म्हणून तोडतोय, कारण तो एकटा उघडला तरच डिझायनरला बघता येणार. जिथं डिझायनरला बघायची गरज नाही तिथं, म्हणजे ॲडमिनची आतली पानं वगैरे, आम्ही काही तोडलं नाही.

अवस्थांची भिंत

आमच्याकडं सगळ्यात जास्त फरक कशानं पडला असेल तर ह्या गोष्टीनं.

डिझायनरनं फिग्मामधे पट्टी काढली होती ती एकदम व्यवस्थित पट्टी होती, छोटं नाव, छोटं गाव, चार आकडी भाव, सगळं भरलेलं. खरी पट्टी तशी नसते. शेतकऱ्याचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, पुढं गाव अन् तालुका शिरूर अनंतपाळ, हे एका ओळीत बसत नाही. कधी भाव अजून ठरलेला नसतो, वजन झालंय अन् सौदा बाकी. एका शेतकऱ्याचा दोन वक्कल (दोन वेगळे ढीग) माल असतो, दोन भाव. कधी हवा जास्त निघाली म्हणून भाव बदलतो अन् जुना खोडून नवा दाखवायचा असतो. यार्डात गर्दीच्या वेळी नेट जातं, पट्टी फोनवर तयार असते पण सर्व्हरवर गेलेली नसते, त्या वेळी ती व्हॉट्सॲपवर पाठवू द्यायची का नाही? ह्या सगळ्या अवस्था कोडमधे कुठं ना कुठं होत्याच, प्रत्येकीला डेव्हलपरनं काहीतरी रूप दिलेलं होतं, पण डिझायनरनं त्यातली एकही कधी बघितली नव्हती. तिला दोष कसा देणार, बघायला मिळायचा मार्गच नव्हता, नेट बंद करून, खोटा माल टाकून, सौदा अर्धवट ठेवून ती अवस्था आणावी लागायची.

आम्ही स्टोरीबुक लावलं. हे टूल २०१६ पासून आहे, कंपोनंट, म्हणजे स्क्रीनचा एक सुटा तुकडा, एकटा उघडून दाखवतं. प्रत्येक अवस्थेसाठी नमुन्याचा डेटा लिहिला अन् एका पानावर पट्टीच्या सगळ्या अवस्था शेजारी शेजारी लावल्या. नमुन्याचे आकडे खऱ्यासारखे ठेवले, एका पट्टीत भाव सोयाबीनच्या २०२५-२६ च्या हमीभावाएवढा, ५,३२८ रुपये, अन् एका पट्टीत मुद्दाम लाखातली रक्कम, कारण १२,३४,५६७ असा आकडा आल्यावर रकान्याचं काय होतं तेच बघायचं होतं.

ते पान पहिल्यांदा उघडलं तेव्हा डिझायनर बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "दादा, ह्यातलं निम्मं मला माहितीच नव्हतं." त्यानंतर तिनं प्रत्येक अवस्था पुन्हा काढली, अन् काही ठिकाणी तर उलटा प्रश्न विचारला की ही अवस्था असायलाच का पाहिजे? सौदा बाकी असताना पट्टी दाखवायचीच कशाला, तिथं फक्त वजनाची पावती दाखवा. डेव्हलपरच्या कोडमधल्या बऱ्याच अटी त्या एका सूचनेनं गळून पडल्या. डिझायनर कोडजवळ आल्याचा फायदा रंगापुरता नसतो.

एक काळजी घ्यावी लागते. नमुन्याचा डेटा जुना होतो. एपीआयमधे (सर्व्हरकडून डेटा येतो त्या मार्गात) फील्ड, म्हणजे डेटातला एखादा रकाना, बदललं अन् नमुना तसाच राहिला की डिझायनर जे बघतेय ते अस्तित्वातच नसतं. आम्ही टाइपस्क्रिप्टमधे (डेटाचा प्रकार तपासणारं जावास्क्रिप्ट) खऱ्या डेटाचा जो टाइप तोच नमुन्याला लावला, म्हणजे फील्ड बदललं की नमुना लगेच लाल रेघ दाखवतो अन् बिल्ड, म्हणजे कोडचं ॲप तयार होणं, थांबतं.

टोकन, अन् डिझायनरचा गिटशी परिचय

रंग, अंतर, अक्षराचे आकार सगळे काढून एका जेसन फाइलमधे (नाव अन् किंमत अशी साधी यादी) ठेवले. ह्याला डिझाइन टोकन म्हणतात, ही कल्पना साधारण २०१४ च्या सुमारास सेल्सफोर्समधून पुढं आली. दोन थर ठेवले. खालच्या थरात नुसते रंग, हिरवा गडद, हिरवा फिका असे. वरच्या थरात अर्थाची नावं, कपातीचा मजकूर, उचलबाकीचा मजकूर, एकूण रकमेची पार्श्वभूमी, आणि ही नावं खालच्या रंगाकडं बोट दाखवतात. कंपोनंटला फक्त वरचा थर दिसतो. हिशोब म्हणतो उचलबाकी, कंपोनंट त्याच नावाचं टोकन मागतो, टोकन सांगतं कोणता रंग. फिग्मामधे २०२३ पासून व्हेरिएबल्स, म्हणजे नाव दिलेल्या किमती, आहेत, तिथं पण हीच नावं अक्षराला अक्षर ठेवली, अन् ठरलं की नाव बदलायचं तर दोन्हीकडं एकाच दिवशी.

ही फाइल डिझायनरनं स्वतः बदलायची. टर्मिनल, ब्रँच वगैरे शिकवत बसलो नाही, गिटहब, म्हणजे आमचा कोड अन् त्यातले बदल जिथं राहतात, त्या वेबसाइटवरच फाइल उघडायची, किंमत बदलायची, सेव्ह करून पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल घ्यायची विनंती, टाकायची, अन् थोड्या वेळात प्रीव्ह्यूची लिंक येते, ती फोनवर उघडून बघायची. सुरुवातीला ती प्रत्येक वेळी विचारायची, काही बिघडणार तर नाही ना? बिघडू नये याची सोय लिंकच्या आधीच्या तपासण्यांमधे होती. नाव चुकलं की बिल्ड थांबतं, अन् मजकूर अन् पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट ४.५ ला १ पेक्षा कमी झाला तरी थांबतं, डब्ल्यूसीएजी ह्या वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या नियमांत साध्या मजकुराला हीच मर्यादा आहे. यार्डात फोन भर उन्हात धरलेला असतो, म्हणून तिनं स्वतःहून महत्त्वाच्या आकड्यांसाठी ही मर्यादा अजून वर नेली.

मालकीसाठी कोडओनर्सची फाइल, म्हणजे कोणत्या फाइलला कोणाची मंजुरी लागते ती यादी, लावली. दाखवणाऱ्या कंपोनंटमधे डेव्हलपरनं बदल केला तर डिझायनरची मंजुरी लागते, हिशोबाच्या फोल्डरला तिची मंजुरी लागत नाही, टोकनच्या फाइलला डेव्हलपरची लागत नाही फक्त तपासण्या पास व्हाव्या लागतात. हा शेवटचा भाग एका डेव्हलपरला बरेच दिवस पटत नव्हता. माझा आग्रह होता की तिचा निर्णय जर तिचा असेल तर मधे दुसऱ्याचा होकार नको, नाहीतर आपण फक्त विनंतीची जागा बदलली, फोनवरून गिटहबवर.

टोकनचं एक दुखणं पण सांगतो. सुरुवातीच्या उत्साहात प्रत्येक गोष्टीचं टोकन व्हायला लागलं, एका स्क्रीनच्या एका कोपऱ्यातल्या एका अंतराला पण स्वतःचं नाव. यादी एवढी फुगली की डिझायनरलाच सापडेना. मग ठरवलं, एखादी किंमत एकापेक्षा जास्त ठिकाणी त्याच अर्थानं आली तरच टोकन.

देवनागरीनं शिकवलेलं

हा भाग परदेशी लेखांत मिळत नाही म्हणून जरा जास्त लिहितो. आपल्या स्क्रीनवर डिझायनर अन् डेव्हलपरची निम्मी भांडणं देवनागरीमुळं असतात अन् दोघांनाही ते कळत नसतं.

फिग्मामधल्या बटनाची उंची पक्की असते. कोडमधे तीच उंची टाकली, वर ओव्हरफ्लो (बाहेर जाणारा भाग) लपवलेला, अन् "पूर्ण करा" मधला उकार खाली कापला, "वर्गवारी" वरचा रफार वर कापला. डिझायनर म्हणते तू नीट उतरवलं नाहीस, डेव्हलपर म्हणतो तूच दिलेली उंची आहे. इंग्रजी मजकुरासाठी ठरवलेली लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, आपल्याला पुरत नाही, आपल्याकडं वर पण मात्रा अन् खाली पण. आम्ही मजकुराची लाइन-हाइट १.६ ठेवली, शीर्षकाची १.४, अन् बटनाला पक्की उंची द्यायचीच नाही, किमान उंची द्यायची. टोकनमधेच तसं असल्यामुळं वाद संपला.

अक्षरांमधलं अंतर, लेटर-स्पेसिंग, देवनागरीत शून्यच ठेवा. वाढवलं की शिरोरेषा तुटते, कमी केलं की अक्षरं एकमेकांवर चढतात. आणि पानाची भाषा सांगणाऱ्या लँग ॲट्रिब्यूटमधे मराठीचा कोड टाका, हिंदीचा नको, कारण ज्या फॉन्टमधे मराठीसाठी ल अन् श ची वेगळी रूपं भरलेली असतात तिथं ब्राउझर त्याच्यावरून रूप निवडतो. फिग्मामधे एक ल अन् फोनवर दुसरा ल, हे त्याच्यामुळं होऊ शकतं.

"शेतकऱ्याचे नाव" ह्या लेबलनं तर चांगलंच पळवलं. ऱ्य दोन पद्धतीनं टाइप होतो, एक ऱ ला हलंत लावून, दुसरा साध्या र ला हलंत अन् पुढं न दिसणारा जोडणीचा कॅरेक्टर टाकून. दिसायला सारखंच, पण कॉम्प्युटरसाठी दोन वेगळे शब्द. फिग्मामधून कॉपी केलेलं लेबल एका पद्धतीचं अन् कोडमधलं दुसऱ्या, सर्च केलं तर सापडत नाही, एकाच वाक्याच्या दोन नोंदी तयार होतात. सगळा मजकूर एका फाइलमधे आणला तेव्हाच हे उघडं पडलं. आता त्या फाइलमधे सेव्ह करताना एकच रूप ठेवणारी तपासणी आहे, अन् ती फाइल डिझायनर अन् मुनीमकाका दोघं मिळून सांभाळतात.

आकड्यांचं पण असंच. ब्राउझरच्या नंबर फॉरमॅटला मराठी लोकॅल, म्हणजे भाषेची सेटिंग, दिलं की तो स्वतःहून देवनागरी आकडे देतो, हिंदी दिलं तर इंग्रजी आकडे देतो. एका स्क्रीनवर फॉरमॅटर वापरलेला अन् दुसऱ्या स्क्रीनवर आकडा तसाच छापलेला, त्यामुळं एकाच ॲपमधे दोन्ही. मुनीमकाकांना विचारलं. काट्यावर इंग्रजी आकडे दिसतात, ताळा त्याच्याशीच करायचा असतो, म्हणून ॲपमधे पण तेच पाहिजेत, पण लाखाचे स्वल्पविराम आपले. मग लोकॅल मराठीच ठेवून आकड्यांची पद्धत वेगळी सांगितली, एकाच फंक्शनमधे, बाकी कुठंही आकडा सरळ छापायला मनाई.

पुढच्या सीझनला

सगळं ॲप एकदम बदललं नाही. फक्त हिसोबपट्टीची स्क्रीन पूर्ण केली, बाकीच्या स्क्रीनला जसा हात लागेल तशा त्या नवीन पद्धतीत येतात. आणि सीझन सुरू असताना रचनेत बदल करायचा नाही हा नियम ठरवून टाकला, कारण गर्दीत मुनीमला नवीन काही नको असतं.

नवीन सीझनमधे मुनीमकाकांचा परत फोन आला की उचलबाकी लाल आहे ते बरोबर, पण उन्हात ती ओळ बाकीच्यांत मिसळतीय. डिझायनरनं टोकनच्या फाइलमधे त्या ओळीला पार्श्वभूमी दिली, प्रीव्ह्यू मुनीमकाकांना पाठवला, त्यांनी यार्डात उभं राहून बघितला अन् हो म्हटलं, अन् बदल गेला. संभाजीनगरला डेव्हलपरला नोटिफिकेशन आलं तेवढंच. हिशोबाच्या फोल्डरला कोणाचा हात लागला नाही, बेरजेच्या टेस्ट नेहमीसारख्या हिरव्या.

खर्च पण झाला. पहिल्या स्क्रीनला डेव्हलपरचा वेळ अंदाजापेक्षा जास्त गेला, विशेषतः नमुन्याचा डेटा लिहिण्यात, अन् दुकानदाराला त्यातून नवीन काहीच दिसत नव्हतं. त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की ह्या उन्हाळ्यात नवीन फीचर येणार नाही, ते बरं झालं. ज्यांचा ग्राहक हे ऐकणार नाही त्यांनी निदान हिशोबातून रंग बाहेर काढण्याएवढं तरी करावं, बाकीचं नंतर जमतं.

अजून न सुटलेला भाग म्हणजे छापील पट्टी. काउंटरवर ५८ मिलिमीटरचा थर्मल प्रिंटर आहे, त्याच्या आत देवनागरी नाही, म्हणून पूर्ण पट्टीचं चित्र करून पाठवावं लागतं, रुंदीला ३८४ ठिपके, अन् रंग फक्त काळा. तिथं लाल-राखाडी काहीच चालत नाही, उचलबाकी दाखवायची तर जाड अक्षर नाहीतर चौकट. हिशोब प्रकार सांगतो त्यामुळं तेवढं सोपं झालंय, पण छपाईची टोकन वेगळी ठेवायची का पडद्याचीच वापरून रंगाच्या जागी जाडी घालायची यावर अजून एकमत नाही. डिझायनरचं म्हणणं वेगळी ठेवा, कागदाचे नियम वेगळे असतात, अन् प्रेसमधे काम केलेल्या माणसाचं हे म्हणणं मी हलकं घेत नाही. सध्या तिनं स्टोरीबुकमधे छापील पट्टीच्या अवस्था लावायला घेतल्यात, पहिली शिरूर अनंतपाळवाली.